नाव आधी, पुरावा मागून

१९०५ साली लंडनमधील व्याख्यानांत अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी रक्तातून निरोप नेणाऱ्या द्रव्यांना 'हॉर्मोन' म्हटले. मूळ ग्रीक धातूचा अर्थ चेतवणे; मराठीच्या 'संप्रेरक'ने तो राखला. स्नायू मात्र दीर्घकाळ मुका मजूरच राहिला. २००३ मध्ये कोपनहेगनच्या बेंटे पेडरसन यांनी स्नायूंतून स्रवणाऱ्या संदेशवाहक रेणूंना 'मायोकाइन' हे नाव सुचवले आणि मजुराला वाचा फुटली.

२०१२ मध्ये ब्रूस स्पीगलमन यांच्या गटाने अशाच एका रेणूला ग्रीक देवदूती आयरिसवरून 'आयरिसिन' म्हटले. रक्तात तो वाढवला असता उंदरांच्या मेंदूत चेतापेशींना पोसणाऱ्या बीडीएनएफ प्रथिनाची निर्मिती वाढते, असे २०१३ मध्ये दिसले. पण माणसाच्या रक्तात ही दूती आहे तरी का, यावरच वाद पेटला; मोजणीची प्रतिपिंडे भरवशाची नव्हती. २०१५ मध्ये अधिक नेमक्या मापनाने ती सापडली.

पुढे या रेणूंना 'आशेचे रेणू' असेही म्हटले गेले. हे नाव ऐकून एखादा खिन्न माणूस चालायला बाहेर पडेल, हे नावाचे सामर्थ्य. उंदरांत दिसलेले आपण माणसांत गृहीत धरू, हा त्याचा मोह. भाषेच्या अभ्यासकाने दोन्ही ओळखावेत.