विहिरीतलं पाणी दिसायचं, बोअरमधलं दिसत नाही

आमच्या मराठवाड्यात जुनी माणसं एक गोष्ट हमखास सांगतात. बहात्तरला खायला नव्हतं पण प्यायला होतं, आता खायला आहे पण प्यायला नाही. बोलणं सगळ्या गावांना लागू होत नाही, कारण बहात्तरलाही कित्येक विहिरी कोरड्या पडल्या होत्या. पण दर उन्हाळ्यात टँकरच्या बातम्या लिहिताना मला ते आठवतं. मिलो आणि सुकडी खाऊन जगलेल्या पिढीच्या पायाखाली जे पाणी होतं, ते पन्नास वर्षांत गेलं कुठं? नुसतं "पाऊस कमी झाला" म्हणून हे उत्तर भागत नाही.

आधी दगड समजून घेऊ. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हा थरावर थर पसरला आणि थिजला. महाराष्ट्राची ऐंशी टक्क्यांहून जास्त जमीन याच काळ्या दगडावर बसली आहे. गंगेच्या खोऱ्यात खाली खोलपर्यंत गाळ आणि वाळू आहे, तिथं पाणी वाळूच्या कणांत साठतं. आपल्याकडे तसं नाही. वर माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. पाणी मुरतं ते मुरमात, मांजऱ्यात आणि दगडाच्या भेगांत. पाषाण फोडला तरी त्यात पाणी नसतं, भेग लागली तरच पाणी. म्हणजे आपली पाण्याची टाकी मुळातच लहान, आणि ती बरीचशी वरच्या थरात. एका चांगल्या पावसाळ्यात ती भरते आणि उन्हाळ्यापर्यंत रिकामी होते.

आपल्या पूर्वजांकडे भूगर्भशास्त्राची पदवी नव्हती, पण विहीर त्यांनी बरोबर या थरापर्यंतच नेली. विहिरीची खोली परसात मोजायची, म्हणजे माणसाच्या उंचीत. परभणी जिल्ह्यातल्या वालूरची गोल फिरत्या पायऱ्यांची बारव बघा. पाणी जसं खाली जाईल तशा पायऱ्या उघड्या पडतात. पाणी किती उरलं हे पाणी भरायला येणाऱ्या प्रत्येकाला दिसायचं. शेतातल्या विहिरीवर मोट होती. बैल थकले की उपसा थांबायचा, तेवढ्यात झरे पुन्हा पाणी आणून द्यायचे. पाणी जपून वापरा असं सांगायला कुणी अधिकारी येत नव्हता. बैल आणि डोळे, हेच दोन नियम.

महात्मा फुल्यांनी 1883 साली "शेतकऱ्याचा असूड" लिहिला. त्यात त्यांनी सरकारला सुचवलं की बंधारे असे बांधा की पावसाचं पाणी शेतात मुरेल, आणि पाणाड्यांकडून शेतं तपासून पाणी कुठं लागेल ते नकाशावर दाखवा. आज ज्याला आपण पाणलोट विकास आणि भूजल सर्वेक्षण म्हणतो, ते दीडशे वर्षांपूर्वी एका माळी समाजातल्या विचारवंताने मांडलं होतं.

त्याच सुमाराला, 1882 साली, इंग्रजांनी ईझमेंट अ‍ॅक्ट केला. त्यात तत्त्व असं की आपल्या हद्दीत जमिनीखाली जे पाणी आहे, ते जमिनीच्या मालकाने हवं तेवढं घ्यावं. मराठवाडा तेव्हा निजामाकडे होता, पण स्वातंत्र्यानंतर हाच विचार आपल्याकडेही रुजला. मोटेच्या काळात त्याने फारसं बिघडलं नाही. बैल किती उपसणार?

मग 1972 आलं. लोक तहानलेले होते आणि कठीण दगडात झटपट खोल छिद्र पाडणारी यंत्रं आली. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा त्याच साली उभी राहिली. बोअरवर बसवायला दणकट हातपंप हवा होता. मिशनच्या कामातून आधी जालन्यात आणि पुढे सोलापुरात तो घडला. सोलापूरच्या पंपावरूनच पुढे "इंडिया मार्क दोन" तयार झाला आणि जगातल्या अनेक देशांत गेला. याचा आपल्याला अभिमानच वाटला पाहिजे. वाडी-वस्तीवरच्या बाया कोसभर चालायच्या थांबल्या त्या या हातपंपामुळे. बोअर आली होती ती प्यायच्या पाण्यासाठी.

पण ती शेतात गेली. हातपंपाच्या जागी सबमर्सिबल मोटर आली. तमिळनाडू पासिंगच्या बोअरच्या गाड्या गावोगाव फिरू लागल्या, फुटावर भाव ठरू लागला. आधी दोनशे फूट, मग पाचशे, मग नऊशे. शेजाऱ्याने सातशे फूट मारली की आपण आठशे. नारळ फुटतो, पाणाड्याचे पैसे जातात आणि वर येतो नुसता फुफाटा. कर्ज मात्र राहतं. ऊस वाचवायला एकाच रानात चार-चार, पाच-पाच बोअर मारलेले शेतकरी मी पाहिलेत. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. उभं पीक डोळ्यांदेखत वाळताना कोण शांत बसेल?

या शर्यतीत दोन गोष्टी झाल्या. एक, वरच्या भेगांतलं पाणी खोल बोअरमधून खाली उतरू लागलं आणि शेजारच्या विहिरी आटल्या. दोन, किती उरलंय हेच दिसेनासं झालं. सहा इंची पाइपात डोकावून काय कळणार? 1882 चा विचार मात्र डोक्यात तोच, माझ्या जमिनीखालचं पाणी माझं. भेगा काही सातबारा बघून थांबत नाहीत.

आणि हा दगड अथांगही नाही. 1993 च्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीला खोल बोअर घेतली. साधारण 338 मीटरवर, म्हणजे अकराशे फुटांवर, लाव्हाचे थर संपले आणि त्याखाली ग्रॅनाइटच्या जातीचा त्याहून कितीतरी जुना खडक लागला. हजार फुटांची बोअर मारणारा माणूस त्या भागात आपल्या दगडाच्या तळाशी पोचलेला असतो. आणखी खाली कुठला साठा आपली वाट बघत बसलेला नाही.

कायदे झाले. 1993 च्या कायद्याने प्यायच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेता येत नव्हती. दुसऱ्या कायद्याच्या नावात 2009 आहे, पण तो राजपत्रात यायला 2013 चा डिसेंबर उजाडला. त्यात 60 मीटर, म्हणजे दोनशे फुटांपेक्षा खोल बोअरवर बंधनं आहेत. आता तुमच्या गावातल्या बोअर किती फुटांच्या आहेत ते आठवा. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा हा दुसरा कायदा पुस्तकात होता.

मग जमतं कुणाला? नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला लातूरपेक्षा कितीतरी कमी पाऊस पडतो. तिथल्या ग्रामसभेने शेतीसाठी बोअर बंद केल्या. दरवर्षी पाऊस मोजून, विहिरींची पातळी बघून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि मग पीक ठरवतात. पोलीस किंवा तहसीलदाराची गरज पडली नाही. त्यांनी पाणी पुन्हा सगळ्यांना दिसेल असं केलं, एवढंच.

हे आपल्यालाही करता येईल. भूजल यंत्रणा राज्यभरातल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. आपल्या भागातली अशी विहीर कुठली ते विचारून घ्या. तिचा आकडा दर वेळी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने लिहायला लावा. दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत एकच विषय मागा : यंदा जमिनीत पाणी किती आणि त्यावर पीक कुठलं. भांडणं होतील, होऊ द्या. ती ग्रामसभेत झालेली परवडली, उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत होण्यापेक्षा.

तुमच्या गावात पहिली बोअर कधी पडली आणि किती फुटांवर पाणी लागलं? घरातल्या जुन्या माणसांना विचारा आणि खाली लिहा. आपल्या तालुक्याचा पाण्याचा इतिहास कुठल्याच दफ्तरात नाही, तो त्यांच्याकडेच आहे.