समाजमाध्यमांवरील जनदबाव आणि उद्योगांचे सामाजिक दायित्व

समाजमाध्यमांवरील टीका, छायाचित्रे, ऑनलाइन सह्यांच्या मोहिमा आणि बहिष्काराची आवाहने यांमुळे कंपन्यांना व व्यावसायिक संस्थांना पर्यावरण आणि समाजाबाबतचे वर्तन बदलावे लागते. हा दबाव कंपनीच्या नावलौकिकावर पडतो. ग्राहक दुरावतील, गुंतवणूकदार प्रश्न विचारतील, या धास्तीने रखडलेले निर्णय मार्गी लागतात. कोडाईकनाल येथील हिंदुस्थान युनिलिव्हरचा पाऱ्याच्या तापमापकांचा कारखाना २००१ मध्ये बंद झाला. पाऱ्याच्या बाधेबद्दल भरपाई मिळावी यासाठी तेथील कामगारांचा लढा अनेक वर्षे चालू होता. जुलै २०१५ मध्ये गायिका सोफिया अश्रफ यांचे या प्रश्नावरील रॅपगीत सर्वदूर पाहिले गेले आणि मार्च २०१६ मध्ये कंपनीने ५९१ माजी कामगारांशी समझोता केला.

मराठवाड्यातील ठळक उदाहरण २०१६ च्या दुष्काळातले आहे. मांजरा धरण कोरडे पडल्याने लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागू करावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन पहिली ‘जलदूत’ रेल्वे लातुरात पोचली. त्याच दिवसांत आयपीएल क्रिकेट सामन्यांच्या मैदानांवर पाणी मारले जात होते. घागरींच्या रांगा आणि हिरवेगार मैदान ही दोन चित्रे शेजारीशेजारी फिरू लागली व संताप उसळला. लोकसत्ता मूव्हमेंट या संस्थेच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १३ एप्रिलला, ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलवण्याचा आदेश दिला. आयपीएल संघांनी मुख्यमंत्री निधीला ५ कोटी रुपये देण्याची तयारी दाखवूनही हा आदेश टळला नाही.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार, ठरावीक निव्वळ मूल्य, उलाढाल किंवा नफा असलेल्या कंपन्यांना मागील ३ वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. आयपीएल भरवणारे क्रिकेट नियामक मंडळ मात्र नोंदणीकृत सोसायटी असल्याने ते या तरतुदीबाहेर राहते. कायदा पोचत नाही तेथे लोकमत प्रश्न उभा करते. मात्र बंधन घालण्याचे काम न्यायालयालाच करावे लागले.

या दबावाची मर्यादाही लातूरनेच दाखवली. मैदानावरचे पाणी कॅमेऱ्यात दिसते. बोअरमधून उपसलेले आणि उसाच्या फडात मुरलेले पाणी दिसत नाही. भांडवली बाजाराची नियामक संस्था ‘सेबी’ने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना पाणीवापरासह शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला. पण हा ऊस गाळणारे सहकारी साखर कारखाने त्या कक्षेत येत नाहीत. त्यांच्या पाण्याचा हिशेब लोकांसमोर आला, तरच जनदबावाला तेथे आधार मिळेल.