संप्रेरकाची वाट अडविणारें औषध

१९८० सालीं फ्रान्समधील रूसेल-उक्लाफ कंपनीच्या प्रयोगशाळेंत मिफेप्रिस्टोन हें कृत्रिम स्टेरॉइड सिद्ध झालें. ही पिवळसर भुकटी पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं. पेशींत प्रोजेस्टेरॉनची जागा ती बळकावते, परंतु त्याचें कार्य करीत नाहीं. म्हणून गर्भाचा आधार सुटतो.

चोरट्या गर्भपातांत स्त्रिया दगावत, म्हणून महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या समितीनें १९६६ सालीं अहवाल दिला आणि १९७१ सालीं कायदा झाला. हें औषध भारतांत २००२ सालीं मान्य झालें. तथापि गर्भ गर्भाशयाबाहेर असल्यास तें निरुपयोगी ठरतें, आणि अतिरक्तस्रावास रुग्णालयच हवें. समुद्र व खाडी यांमधील तोंडवलीच्या चिंचोळ्या पट्टीवरील स्त्रीला म्हणूनच गोळीच्या आधीं डॉक्टरची तपासणी आणि रात्रीं-अपरात्रीं मिळणारें वाहन अवश्य आहे.