उमेदवाराचा पूर्वेतिहास कोणी तपासायचा? वाराणसी, २०१९

अमेरिकेत पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी आधी मतदारांचीच एक निवडणूक होते. तिला प्रायमरी म्हणतात. इच्छुकाने पूर्वी काय केले याची झाडाझडती तिथे सर्वांसमोर होते. आपल्याकडे अशी फेरी नाही. तिकीट पक्षश्रेष्ठी देतात. मग भारतात उमेदवाराचा पूर्वेतिहास कोण तपासतो आणि कोणत्या टप्प्यावर? वाराणसी लोकसभा मतदारसंघातील एका प्रकरणाच्या आधारे हा प्रश्न समजून घेऊ.

तेज बहादूर यादव हे सीमा सुरक्षा दलातील जवान होते. जवानांना निकृष्ट जेवण मिळते, अशी तक्रार करणारी त्यांची चित्रफीत जानेवारी २०१७ मध्ये देशभर पाहिली गेली. १९ एप्रिल २०१७ रोजी त्यांना बडतर्फ करण्यात आले. २०१९ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्याविरुद्ध त्यांनी वाराणसीतून दोन अर्ज भरले: २४ एप्रिलला अपक्ष म्हणून आणि २९ एप्रिलला समाजवादी पक्षातर्फे. भ्रष्टाचार किंवा राज्यसंस्थेशी बेइमानी या कारणांवरून बडतर्फी झाली आहे का, या प्रश्नाला पहिल्या अर्जात ‘होय’ आणि दुसऱ्यात ‘नाही’ असे उत्तर होते. ३० एप्रिलला निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी नोटीस देऊन निवडणूक आयोगाचे प्रमाणपत्र दुसऱ्या दिवशी सकाळी ११ पर्यंत मागितले. ते सादर झाले नाही आणि १ मे रोजी अर्ज फेटाळला गेला.

इथे लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधील दोन कलमे नीट वेगळी करून पाहा. कलम ९ नुसार भ्रष्टाचार किंवा बेइमानीसाठी बडतर्फ झालेला सरकारी नोकर ५ वर्षे अपात्र ठरतो. कलम ३३(३) मात्र त्याहून रुंद आहे. बडतर्फीला ५ वर्षे झाली नसतील, तर कारण कोणतेही असो, ‘या दोन कारणांसाठी बडतर्फी झालेली नाही’ असे आयोगाचे प्रमाणपत्र अर्जासोबत जोडावेच लागते. आपली बडतर्फी शिस्तभंगासाठी होती, असे यादव यांचे म्हणणे होते. ते मान्य केले, तरी कागदाची अट सुटत नव्हती.

यादव यांची निवडणूक याचिका अलाहाबाद उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये फेटाळली. २४ नोव्हेंबर २०२० रोजी सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या अध्यक्षतेखालील सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तो निर्णय कायम ठेवला. यादव वाराणसीचे मतदार नव्हते आणि प्रमाणपत्राअभावी रीतसर उमेदवारही ठरत नव्हते. त्यामुळे निवडणुकीला आव्हान देण्याचा अधिकार त्यांना नाही, असे न्यायालयाने म्हटले.

आता दुसरी बाजू पाहा. गंभीर गुन्ह्याचा खटला प्रलंबित असलेली व्यक्ती निवडणूक लढवू शकते. कलम ८ खालील अपात्रता दोषसिद्धीनंतरच येते, कारण दोष सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष मानला जातो. अशा उमेदवाराबाबत कायदा दार बंद करत नाही, फक्त माहिती उघड करायला लावतो. हा नियमही सहज आलेला नाही. २ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उमेदवारांची गुन्हेगारी प्रकरणे, मालमत्ता आणि शिक्षण जाणून घेण्याचा मतदारांचा हक्क मान्य केला. त्याच वर्षी आधी अध्यादेश आणि मग कायद्यात दुरुस्ती करून कलम ३३ब द्वारे या निर्णयाला मुरड घालण्यात आली. १३ मार्च २००३ रोजी न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले. आज प्रत्येक उमेदवार नमुना २६ मध्ये जे प्रतिज्ञापत्र देतो, त्यामागे हा संघर्ष आहे.

म्हणजे पूर्वेतिहास तपासण्याच्या दोन पद्धती आपल्याकडे शेजारी शेजारी नांदतात. एका पद्धतीत अधिकारी छाननीतच निर्णय देतो आणि ते नाव मतदारापर्यंत पोहोचत नाही. दुसरीत माहिती मतदाराच्या हाती येते आणि निर्णय त्याचा असतो. पहिल्या पद्धतीच्या बाजूने असे म्हणता येते की बडतर्फीचे कारण शोधायला छाननीत वेळ नसतो, म्हणून पुराव्याची जबाबदारी उमेदवारावर टाकणे व्यवहार्य आहे. तिच्याविरुद्ध असे म्हणता येते की वादग्रस्त भूतकाळाचा निवाडा करण्याची संधीच लाखो मतदारांना मिळत नाही.

तिकीटवाटपाचा टप्पा मात्र बराच काळ अंधारातच राहिला. १३ फेब्रुवारी २०२० च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने तिथे थोडा उजेड पाडला. गुन्हेगारी प्रकरणे असलेला उमेदवार का निवडला आणि स्वच्छ पार्श्वभूमीचा का नाही, हे पक्षाने निवडीनंतर ४८ तासांत जाहीर करायचे आहे. ‘तो निवडून येऊ शकतो’ एवढे कारण पुरेसे नाही.

विचार करा: तुमच्या मतदारसंघातील पक्षांनी गेल्या निवडणुकीत अशी कोणती कारणे दिली होती? उमेदवारांची प्रतिज्ञापत्रे निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली आहेत. एक उघडून वाचा. प्रायमरी नसलेल्या देशात ती झाडाझडती तुम्हालाच घ्यायची आहे.