मायभूमीला पारखा झालेला बिशप : मातेउश द कास्त्रो

प्रस्तावना : ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात श्रद्धेपायी हद्दपारी भोगलेल्या बिशपांची परंपरा जुनी आहे. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाचे बिशप अथनेशियस यांना रोमन सम्राटांच्या रोषामुळे 5 वेळा परागंदा व्हावे लागले. तेथे वाद ख्रिस्ताच्या ईश्वरत्वाचा होता. सतराव्या शतकात गोव्याचे मातेउश द कास्त्रो यांच्याही वाट्याला परागंदा जीवन आले. परंतु त्यांचा धर्ममताविषयी कोणताही वाद नव्हता. मग त्यांना मायभूमी पारखी का झाली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दीक्षेचा प्रश्न : कास्त्रो यांचा जन्म 1594 च्या सुमारास दिवाडी बेटावर एका ब्राह्मण ख्रिस्ती कुटुंबात झाला. गोव्याच्या आर्चबिशपांनी त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा नाकारली. तेव्हा ते खुष्कीच्या मार्गाने 1625 मध्ये रोमला पोहोचले व तेथेच धर्मगुरू झाले. 1637 मध्ये त्यांना बिशपपद देऊन आदिलशाही मुलखाचे 'व्हिकार अपोस्तोलिक', म्हणजे पोपचे थेट प्रतिनिधी, नेमण्यात आले. लॅटिन परंपरेतील ते पहिले भारतीय बिशप मानले जातात.

दोन सत्तांचा संघर्ष : पूर्वेकडील बिशप सुचविण्याचा हक्क पोपने पूर्वीच पोर्तुगालच्या राजाला दिला होता. या व्यवस्थेस 'पाद्रोआदो' म्हणत. 1622 मध्ये पोपने धर्मप्रसाराचे काम आपल्या हाती घेण्यासाठी 'प्रोपागांडा फिदे' ही संस्था स्थापन केली. कास्त्रो हे या संस्थेचे प्रतिनिधी असल्याने पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांचे बिशपपद मानले नाही. त्यामुळे पोर्तुगीज हद्दीला लागून असलेल्या, पण त्या काळी आदिलशाहीत मोडणाऱ्या डिचोलीत राहून त्यांनी गोमंतकीय तरुणांना दीक्षा दिली. 1653 मध्ये 'ब्राह्मणांचा आरसा' या अर्थाच्या शीर्षकाचे पत्रक लिहून त्यांनी स्वजातीयांना पोर्तुगीजांविरुद्ध उठण्याचे आवाहन केले. 1654 मध्ये आदिलशाही फौज बारदेश व साष्टीत शिरली, तेव्हा पोर्तुगीजांनी त्यांच्यावर फितुरीचा आरोप ठेवला. पुढे ते रोमला गेले ते कायमचेच. 1677 मध्ये तेथेच त्यांचा मृत्यू झाला.

निष्कर्ष : अथनेशियस अखेरीस आपल्या धर्मपीठावर परतले, कास्त्रो यांना ते भाग्य लाभले नाही. बाप्तिस्मा घेतलेल्या एतद्देशीयास श्रद्धेचा अधिकार होता, धर्मसत्तेचा नव्हता, हे त्यांच्या चरित्रावरून स्पष्ट होते. मात्र त्यांना केवळ समतेचा पुरस्कर्ता म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. त्यांचे आवाहन ब्राह्मण ख्रिस्ती समाजापुरते होते. युरोपीयांच्या वर्णाभिमानाने ज्यांना दाराबाहेर ठेवले, त्यांनी स्वतःचा जात्यभिमान मात्र धर्मांतरानंतरही सोडला नाही. कास्त्रो यांचे मूल्यमापन करताना या दोन्ही बाजू एकत्रच विचारात घ्याव्या लागतात.