मातृभाषा नेमकी कुणाची? मोखाड्याच्या एका वहीवरून

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

१६ एप्रिल २०२५ ला पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा करणारा शासन निर्णय निघाला आणि माझा फोन तापला. पुढे १७ जूनला त्यात शब्दांची कसरत झाली आणि २९ जूनला सरकारने दोन्ही निर्णय मागे घेतले, ते सगळ्यांना ठाऊक आहे. मीही एप्रिलमध्येच एक दणदणीत पोस्ट टाकली होती. सहा वर्षांच्या लेकरावर परकी भाषा लादू नका, त्याला त्याच्या आईच्या भाषेत शिकू द्या, असं. तीनशेच्या वर लाइक आले. माझ्यासारख्या तालुक्याच्या पत्रकाराला तीनशे म्हणजे दिवाळीच.

त्याच आठवड्यात टँकरच्या बातमीसाठी मोखाड्यातल्या एका पाड्यावर गेलो होतो. (मध्य वैतरणेचं पाणी मोखाड्यातून मुंबईला जातं आणि मोखाड्यात टँकर येतो, ही बातमी मी दरवर्षी लिहितो. फक्त तारीख बदलतो.) सकाळची शाळा सुटली होती. तिथले गुरुजी नगरकडचे, बदलीवर आलेले. बोलता बोलता म्हणाले, "दादा, तुमची पोस्ट वाचली. बरोबरच आहे. पण एक सांगा, माझ्या पहिलीतल्या पोरांची मातृभाषा कोणती धरू?"

मी गप्प. वर्गात बहुतेक पोरं वारली, चारदोन कातकरी. घरी जे बोलतात ते पुस्तकात नाही. पुस्तकात आहे ते घरी नाही.

गुरुजींनी एक शंभर पानी वही दाखवली. डावीकडे पोरांचा शब्द, उजवीकडे पुस्तकातला. पहिल्याच पानावर ‘नागली’ आणि समोर ‘नाचणी’. मी जव्हारचा, मलाही घरात नागलीच ठाऊक. शाळेत मात्र आमच्या वर्गातल्या एका पोराने फळ्यावर ‘नागली’ लिहिलं तेव्हा बाईंनी ते पुसून ‘नाचणी’ लिहिलं आणि आम्ही गावातली पोरं फिदीफिदी हसलो. मीही हसलो. तो पोरगा पुढे सातवीत शाळेत दिसेनासा झाला. त्या एका शब्दाने झाला असं मी म्हणत नाही. दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीवर गेले की पोरं जातातच, आजही जातात. पण तो फळा माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

तिथून परत आल्यावर मी जुनी पुस्तकं काढली. कारण हा प्रश्न गुरुजींचा नाही, पावणेदोनशे वर्षं जुना आहे, आणि तेव्हा जात्यात मराठी होती.

१८४० नंतर मुंबई इलाख्यात शिक्षणाचा कारभार बोर्ड ऑफ एज्युकेशनकडे गेला. त्याचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी, पेशाने न्यायाधीश. त्यांचं म्हणणं असं, की सरकारकडे पैसा थोडा आहे, तो इंग्रजीतल्या उच्च शिक्षणावर घाला. वरचे चार लोक शहाणे झाले की ज्ञान आपोआप खाली झिरपेल. मॅकॉलेने १८३५ मध्ये कलकत्त्यात बसून जे मांडलं, त्याचीच ही मुंबईची आवृत्ती. आणि समोर उभे राहिले कोण? जगन्नाथ शंकरशेठ, म्हणजे आपले नाना. त्यांच्या बाजूने बोर्डातले बाकीचे एतद्देशीय सभासद आणि एक गोरा अधिकारी, जॉर्ज जर्विस, ज्याने आधीच गणिताची पुस्तकं मराठीत आणायचं काम केलं होतं. नानांचा विरोध इंग्रजीला नव्हता हे लक्षात घ्या. एल्फिन्स्टन कॉलेजच्या उभारणीत नाना होते. त्यांचा मुद्दा साधा होता: लाखो लोकांपर्यंत ज्ञान न्यायचं तर ते लोकांच्या बोलीतूनच जाईल, परक्या भाषेतून जाणार नाही. १८४७ मध्ये हा वाद लेखी झडला. सरकारने शेवटी मधला रस्ता काढला आणि १८५४ च्या वुडच्या खलित्यात खाली देशी भाषा, वर इंग्रजी अशी वाटणी पक्की झाली. तीच वाटणी आपण आजही चालवतो आहोत.

म्हणजे मराठी शाळा टिकली ती नानांसारख्यांच्या झगड्यामुळे. हे आपण अभिमानाने सांगतो, सांगावंच. पण या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग आपण सांगत नाही.

शाळेत जी मराठी आली ती कोणती? १८३१ मध्ये मोल्सवर्थचा कोश निघाला. त्याच्या मदतीला पंडित होते, शास्त्री होते. पुढे शाळेच्या पुस्तकांवर मेजर थॉमस कँडी या साहेबाची नजर होती. पुस्तक छापायचं तर त्याच्या हाताखालून जायचं. स्वल्पविराम, पूर्णविराम मराठीत रुजवण्यातही त्याचा मोठा वाटा. मी साहेबाला शिव्या घालणार नाही, माणसाने आयुष्य घातलं. पण कोश करायचा, पुस्तक छापायचं म्हटलं की एक रूप ‘शुद्ध’ ठरवावं लागतं, आणि ते ठरवायला खोलीत बसलेले लोक पुण्याचे होते. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बाहेर राहिल्या. वारली, कातकरी तर त्या खोलीच्या पायरीपर्यंतही गेल्या नाहीत. पुढे १९०५ मध्ये ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणाचा सातवा खंड आला, त्यात वारली आणि कातकरी बोलींचे नमुने आहेत, पण मराठीच्या पोटबोली म्हणून. कागदावर त्या मराठीच्या पोटात गेल्या. शाळेने मात्र पोटात घेतलं नाही.

हे कुणी ओळखलं होतं? जोतीराव फुल्यांनी. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी दिलेलं निवेदन काढून वाचा. सारा शेतकऱ्याकडून घेता आणि खर्च वरच्या वर्गाच्या शिक्षणावर करता, झिरपत काही नाही, हा त्यातला मुद्दा पाठ्यपुस्तकात येतो. पण त्याच निवेदनात आणखी एक गोष्ट आहे. प्राथमिक शाळेचा मास्तर शेतकरी वर्गातून घ्या, जो नांगराची मूठ धरायला लाजणार नाही आणि मुलांत मिसळेल, असं जोतीराव सांगतात. मला तो भाषेचाच मुद्दा वाटतो. जो मिसळेल त्याला बोली येईल.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. जव्हार संस्थान, १३४३ पासूनची गादी, राजघराणं महादेव कोळ्यांचं. म्हणजे राजा आदिवासी. पलीकडे मोखाडा ब्रिटिशांच्या ठाणे जिल्ह्यात. १९३५ च्या कायद्यानंतर डहाणू, उंबरगाव आणि मोखाडा हा भाग ‘अंशतः वगळलेलं क्षेत्र’ ठरला. नाव बघा. कशातून वगळलेलं? कायदेमंडळाच्या नेहमीच्या कारभारातून. सावकारीतून कुणी वगळलं नाही. सिमिंग्टन नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याचा या भागांवरचा अहवाल १९३९ मध्ये निघाला. त्यात वेठबिगार, लग्नासाठी कर्ज काढून जन्माचा गडी झालेला माणूस, मारहाण, सगळं सरकारी भाषेत नोंदलेलं आहे. कर्ज किती आणि फिटलं किती हे सावकाराच्या चोपडीत. चोपडी वारल्याला वाचता येत नाही, खाली अंगठा मात्र त्याचा. आमच्याकडे अक्षरओळखीचा प्रश्न हा असा पोटाचा आणि जमिनीचा होता. गोदूताई परुळेकर १९४५ मध्ये इथे आल्या, वारल्यांनी वेठ नाकारली, ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला गोळीबारात जेठ्या गांगड पडला. गोदूताईंचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ज्यांनी वाचलं नाही त्यांनी वाचावं. जव्हारला शाळेत मला हा इतिहास कुणी शिकवला नाही. नेपोलियन शिकवला.

योगायोग म्हणजे त्याच १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. सोबत अनुताई वाघ. पुढे दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा. मॉन्टेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवून बिया, शंख, पानं घेतली. आज अंगणवाडी हा शब्द देशभर सरकारी झाला, पण तो आपल्या जिल्ह्यातला आहे, हे आपल्याच जिल्ह्यात कितीजणांना माहीत आहे?

आता थोडं लांब जातो, कारण तिथली गोष्ट आपल्याला लागू आहे. पत्रकारितेच्या डिप्लोमाला असताना रेनातो कॉन्स्टँटिनो या फिलिपिनो इतिहासकाराचा १९६६ चा एक निबंध झेरॉक्स करून वाचला होता. फिलिपिन्सवर आधी तीनशेहून जास्त वर्षं स्पेन. स्पॅनिश पाद्र्यांनी लोकांच्या भाषा स्वतः शिकून घेतल्या, पण स्पॅनिश फारशी शिकवली नाही. भाषा दिली तर लोक प्रश्न विचारतील. होसे रिसालने १८८७ मध्ये कादंबरी लिहिली ती स्पॅनिशमध्ये, आणि १८९६ मध्ये त्याला गोळ्या घातल्या. मग १८९८ मध्ये अमेरिकेने ती बेटं दोन कोटी डॉलर देऊन स्पेनकडून घेतली. पाठोपाठ १९०१ मध्ये ‘थॉमस’ नावाच्या जहाजातून पाचशेच्या वर अमेरिकन शिक्षक उतरले. फुकट शाळा, इंग्रजी माध्यम. कॉन्स्टँटिनो म्हणतो ते थोडक्यात असं, की बंदुकीने जे पुरं झालं नाही ते या शाळेने केलं, माणूस आपल्याच देशाकडे परक्याच्या डोळ्याने बघायला शिकला.

मला तेव्हा हे फार पटलं. तेवीस वर्षांचा होतो, पटणारच. पुढचा भाग मी नंतर वाचला. राष्ट्रभाषा हवी म्हणून १९३७ मध्ये तागालोग ही पायाभूत भाषा जाहीर झाली. तागालोग म्हणजे मनिला आणि आसपासची. दक्षिणेकडचे बिसाया बोलणारे म्हणाले, आमच्यासाठी ही पण बाहेरचीच. इंग्रजीशी लढायला जी भाषा उभी केली, तिच्या सावलीत बाकीच्या सुकू लागल्या. २०१२ पासून तिथे लहान वर्गात मुलांच्या भाषेतून शिकवायचा कार्यक्रम सुरू झाला होता, २०२४ मध्ये कायदा करून त्याची सक्ती काढली. पुस्तकं नाहीत, शिक्षक तयार नाहीत, एका वर्गात तीन भाषांची पोरं. ही कारणं ऐकून मला आमचा पाडाच आठवला.

इथे काहीजण मला धरतील. "मग काय, वारलीत इंजिनिअर करणार का पोरांना?" नाही हो. कुठल्याही पाड्यावरच्या बापाला विचारा, तो इंग्रजी मागतो. आदिवासी विभागाच्या नामांकित इंग्रजी निवासी शाळांच्या योजनेत नंबर लागावा म्हणून लोक प्रकल्प कार्यालयाच्या पायऱ्या झिजवतात. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हटलं असं सांगतात. ते पुण्यातल्या पोरांनी प्यावं आणि खोडाळ्याच्या पोराने बोली जपत बसावं, असं मी कोणत्या तोंडाने सांगू? माझी मुलगी सेमी इंग्लिशला आहे.

माझं म्हणणं पहिल्या दोन वर्षांपुरतं आहे. पोरगं शाळेच्या दारात आलं की त्याला कळेल असं कुणीतरी बोललं पाहिजे. घटनेच्या ३५०-अ कलमात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यात मातृभाषेतून शिक्षणाची सोय करायला सांगितलं आहे, १९५६ पासून. मराठी माणूस बेळगावसाठी हे कलम बरोबर वाजवतो. मोखाड्याला तेच कलम लावलं की म्हणतो, "ती भाषा कुठे आहे, ती तर बोली." नानांच्या काळी साहेब मराठीबद्दल याहून वेगळं काय म्हणत होता? हिच्यात शास्त्र मांडता येत नाही, शब्द नाहीत, ग्रंथ नाहीत. आणि वारलीत शब्द नाहीत म्हणणाऱ्याने एकदा लग्नात जाऊन धवलेरी ऐकावी. चौक लिहिला जात असतो आणि ती बाई कणसरीची कथा रात्रभर तोंडपाठ गाते. तिच्या हातात पोथी नसते.

एक कबुली देतो. वीस वर्षं मी पाड्यावरच्या बायकांची वाक्यं बातमीत छापतो आहे. हंडा डोक्यावर घेऊन ती जे सांगते ते मी जसंच्या तसं एकदाही लिहिलेलं नाही. बसस्टँडवर बसून ‘पाण्यासाठी आम्हाला दोन किलोमीटर पायपीट करावी लागते’ असं करून पाठवतो. पायपीट हा शब्द त्या बाईच्या तोंडात कधी नव्हता. मागच्या महिन्यात एका बातमीत मुद्दाम ‘नागली’ ठेवलं. सकाळी पेपर उघडला तर ‘नाचणी’ (डेस्कवरच्या पोराचा दोष नाही, त्याला वाटलं माझी चूक झाली).

त्या गुरुजींची आता बदली व्हायची वेळ आली आहे. वही सोबत नेणार की शाळेत ठेवणार, असं विचारलं तर म्हणाले, "ठेवली तर पुढचा उघडेल का?" मी तिचे फोटो काढून घेतलेत, एकेचाळीस पानं भरली आहेत. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू या भागात शिकवलेल्या किंवा शिकवत असलेल्या कुणाकडे अशी वही असेल, नुसते सुटे कागद असले तरी चालतील, तर मला कळवा. मी गाडी काढून येतो. पावसाच्या आधी कळवलंत तर बरं, नंतर घाटात दरड आली की आमचं काही खरं नसतं.