खाट, रजा आणि आठ आणे

भोईवाड्यातून निघून आचार्य दोंदे मार्गाने चालू लागले की थोड्याच वाटेत वाडिया प्रसूतिगृह, के. ई. एम. रुग्णालय आणि हाफकिन संस्था या तिन्ही वास्तू भेटतात. परगावचा माणूस म्हणेल, येथल्या बाळंतिणी किती भाग्यवान! या भाग्याचा हिशेब जरा तपासून पाहावा, एवढाच आमचा आजचा हेतू आहे. आम्ही काही इतिहासाचे पंडित नव्हे. आमची विद्या रात्रशाळेची आणि युनियनच्या कचेरीतल्या जुन्या कागदांची. श्रोत्यांनी सांभाळून घ्यावे.

१९२० च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांत जवळजवळ एक बाई असे. रिळिंग आणि वायंडिंग ही त्यांची खाती. कामावर घेणे, काढणे, खाडा मांडणे हे सारे नायकिणीच्या हाती. दिवस भरत आले की कोणी गावी जाई. जिला तेही जमत नसे ती चाळीतल्या खोलीत, लुगड्याचा पडदा लावून, सुईणीच्या हाती बाळंत होई. १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे ६६६ अर्भके वर्षाच्या आत दगावली, असा सरकारी आकडा आहे. आता या आकड्यात एक मेख आहे. गावी जन्मलेले मूल मुंबईत येऊन गेले, तर जन्म गावच्या वहीत आणि मरण मुंबईच्या वहीत. म्हणून आकडा फुगलेला आहे हे मान्य. पण त्यातून कितीही वजा केले, तरी जे उरते त्याने अंगावर काटाच येतो.

१९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय मजूर परिषद भरली. बाळंतपणाआधी सहा आठवडे आणि नंतर सहा आठवडे रजा व भत्ता, असा करार तिने केला. हिंदुस्थान सरकारने तो स्वीकारला नाही. चौकशी करू म्हटले. त्या चौकशीकरिता मुंबईत डॉ. बार्न्स या बाईंची नेमणूक झाली. गिरणीत जाणाऱ्या आयांच्या शंभर मुलांपैकी अठ्ठ्याण्णवांना अफू दिली जाते, असे त्यांनी १९२२ साली लिहिले. बाळगोळी ती हीच. आईला नावे ठेवणे सोपे आहे. भोंगा झाला की दहा तास मूल कोणाच्या ओटीत घालायचे, हे सांगणारा मात्र कोणी नव्हता. ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूतिभत्त्याचे बिल आणले, तेही फेटाळले गेले.

१९२६ साली वाडिया प्रसूतिगृह उघडले. म्हणजे खाट आली. परंतु खाटेवर पडणाऱ्या बाईचा रोज बुडतो, आणि ज्या घरी रोज बुडाला की चूल विझते, त्या घरची बाई शेवटच्या कळेपर्यंत रिळाशी उभी राहणार. खाटेआधी रजा हवी होती, ही गोष्ट गिरणगावाला पुरती ठाऊक होती.

२८ जुलै १९२८ रोजी आसवले यांचे बिल मुंबई कौन्सिलात चर्चेला आले, तेव्हा गिरण्या सार्वत्रिक संपाने बंद होत्या. बाबासाहेब आंबेडकर बिलाच्या बाजूने बोलले. आईला आधी व नंतर विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि हा भार मुख्यतः सरकारचा आहे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. पण बाईच्या श्रमाचा लाभ ज्या मालकाला होतो त्यालाही सुटता येणार नाही, ही पुस्तीही जोडली. १९२९ साली कायदा झाला. आधी तीन आठवडे, नंतर चार, दिवसाला आठ आणे. एकोणपन्नास दिवसांचे साडेचोवीस रुपये! वॉशिंग्टनच्या बारा आठवड्यांपुढे हे थोडेच. तरी या इलाख्यात बाळंतिणीच्या विसाव्याला कायद्याने दाम लागला तो येथे प्रथम. पुढच्याच वर्षी मध्यप्रांतानेही असा कायदा केला.

त्याच वर्षांतली दुसरी गोष्ट आमच्या लोकांना फारशी ठाऊक नाही. लुसी विल्स या इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आल्या आणि हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. गिरणगावातल्या गरीब गरोदर बायकांचे रक्त पातळ का पडते, हा त्यांचा प्रश्न. त्या घरोघर काय शिजते ते पाहत, उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग करीत. शेवटी यीस्टच्या अर्काने, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या मार्माइटने, रक्त भरते असे त्यांना आढळले. १९३१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्या अर्कातला गुणकारी पदार्थ पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. आज आफ्रिकेतल्या खेड्यात काय किंवा पालघरच्या पाड्यावर काय, गरोदर बाईच्या हातावर लोहाबरोबर जी गोळी ठेवतात तिची पाळेमुळे परळच्या कामगार बायकांच्या रक्तात आहेत. त्या बायकांची नावे कोठेही लिहिलेली नाहीत.

खाट आली, रजा आली, औषध सापडले. मग बिघडले कोठे? कायद्याने सारा खर्च एकट्या मालकावर टाकला, आणि मालकाने ताबडतोब हिशेब केला की बाई महाग पडते. रात्रपाळीला बाई चालत नाही, हे होतेच. त्यात नवी वायंडिंग यंत्रे आली. बाई जसजशी निवृत्त झाली तसतशी तिची जागा पुरुषाला गेली, आणि १९७० नंतर गिरणीत बाई औषधालाही सापडेनाशी झाली. बाबासाहेबांनी सरकारच्या भाराविषयी म्हटले होते ते कौन्सिलाने ऐकले असते तर काय झाले असते, हा प्रश्न आम्हांला अजून छळतो. १९४८ च्या राज्य विमा कायद्याने खर्च वाटून घेण्याची सोय केली खरी, पण तोवर खाती रिकामी होत चालली होती. आणि आम्ही युनियनवाले? संपाच्या मोर्च्यात बाई पुढे हवी, पण कपातीच्या वाटाघाटीत तिची जागा पहिल्याने सोडायची, हे आमच्याही हातून झाले आहे.

आमची आजी एका गिरणीत रिळिंगला होती. भत्त्याला ठराविक मुदतीची सलग नोकरी लागे. मुदत भरण्याच्या ऐन तोंडावर तिचे नाव हजेरीपटावरून कमी झाले, आणि बाळंतपण उरकल्यावर ‘नवी’ म्हणून पुन्हा चढले. तिला चार मुले झाली. आठ आणे तिने एकदाही पाहिले नाहीत.

१९६१ चा देशव्यापी कायदा झाला, त्यात २०१७ साली रजा २६ आठवड्यांवर गेली. हक्काला ८० दिवसांचे काम पुरते. अलीकडे एक कंत्राटी सफाई कामगार बाई आमच्या कचेरीत आली. सहावा महिना. एकाच इमारतीत तिने सात वर्षे झाडू मारला आहे, पण कंत्राटदार पाच झाले. दर वेळी नवा हजेरीपट आणि पुन्हा पहिला दिवस. सध्या आम्ही त्या पाचही हजेरीपटांच्या नकला गोळा करीत आहोत. तीन मिळाल्या आहेत.